फळ्यावर गावाचं नाव

मुलुंड पूर्वेला आमच्या सोसायटीत बऱ्याच घरांतली मुलं परदेशी आहेत. उन्हाळा लागला की एकेक जोडपं लेकाकडे नाहीतर लेकीकडे जातं, आणि जूनच्या पावसाबरोबर परत येतं. मग संध्याकाळी बाकावर गप्पा रंगतात. लंडनचा पूल झाला, राजवाडा झाला, साउथॉलला जाऊन जिलेबी झाली. मी विचारते, "आणि तिकडचं जेवण?" उत्तर ठरलेलं: "छे हो, सगळं उकडलेलं आणि अळणी. आम्ही घरूनच डबा न्यायचो." मला हे ऐकून खरंच वाईट वाटतं, कारण लंडनपासून सव्वा तासाच्या अंतरावर मी आयुष्यातली काही फार चांगली जेवणं जेवले आहे आणि ती सगळी खेड्यातल्या पबमध्ये. म्हणून एकदा सविस्तर लिहायचं ठरवलं.

माझी लेक केंट परगण्यात फॅव्हरशमला राहते, तिथल्या एका इस्पितळात नोकरी करते. इंग्लंडच्या नकाशात उजवीकडे खाली, फ्रान्सच्या दिशेने पुढे आलेला जो कोपरा आहे, तो केंट. इंग्लंडची बाग म्हणतात त्याला, आणि ते उगाच नाही. सफरचंद, चेरी, पेअर, प्लम यांच्या बागा गावाबाहेर पडलं की दोन्ही बाजूंना सुरू होतात. फॅव्हरशमजवळ ब्रॉगडेल म्हणून ठिकाण आहे, तिथे इंग्लंडचा राष्ट्रीय फळसंग्रह आहे. नुसत्या सफरचंदाच्याच दोन हजारांहून जास्त जाती जिवंत झाडांच्या रूपात जपल्या आहेत. शिवाय रोमनी मार्शच्या पाणथळ कुरणांवर मेंढ्या, उत्तरेच्या किनाऱ्यावर कालवं, आणि बिअरला कडवटपणा देणारे हॉप्स. एवढं सगळं तासाभराच्या परिघात पिकतं. मग तिथल्या पबला दुसरीकडून काही आणायची गरजच काय?

मी पहिल्यांदा तिथल्या पबमध्ये शिरले तेव्हा नजर गेली ती छताकडे. बुटकं छत, काळपट लाकडी तुळया, आणि बारच्या वर या टोकापासून त्या टोकापर्यंत बांधलेले वाळक्या वेलींचे झुबके. त्या हॉप्सच्या वेली. हात वर करून एक फूल चुरडलं तर कागदासारखं कुरकुरलं आणि बोटांना पिवळी भुकटी लागली. वास कडू, थोडा गवताचा, थोडा लिंबाच्या सालीचा. दर सप्टेंबरात नव्या पिकाच्या वेली आणून बांधतात, जुन्या काढतात, असं बारवरच्या बाईंनी सांगितलं. आपण दाराला आंब्याचं तोरण लावतो, ते एकदम आठवलं.

आणि त्या वेलींच्या खाली काळा फळा. या फळ्यासाठी मी आज लिहायला बसले आहे. खडूने आजचे पदार्थ लिहिलेले, पाच-सहाच. पण प्रत्येकापुढे गावाचं नाव. कोकरू रोमनी मार्शचं. कालवं व्हिटस्टेबलची. सफरचंद अमक्या वाडीचं, चीज तमक्या शेतावरचं. ज्याच्या मेंढ्या, तो शेतकरी कदाचित त्याच खोलीत कोपऱ्यात आपल्या कुत्र्याला पायाशी घेऊन बसलेला. जेवण म्हणजे नुसती चव नव्हे, ते कुठून आलं हेही ताटात वाढायचं असतं, ही गोष्ट मला त्या फळ्याने पटवली.

पबमध्ये जायचं म्हणजे दारू प्यायलाच हवी, हा आपल्याकडचा गैरसमज. अर्धे लोक नुसते जेवायला येतात. लहान मुलं असतात, आज्या असतात, कुत्रे तर हमखास असतात. मी मुंबईत कधी परमिट रूमची पायरी चढले नाही. दारूचा तिटकारा म्हणून नव्हे. ट्यूबलाइटच्या त्या निळ्या उजेडात एकट्या बाईने बसावं अशी ती जागाच नसते. आपण दारू एका बाजूला लोटली आणि कुटुंब दुसऱ्या बाजूला, मध्ये 'फॅमिली रूम'चा पडदा. केंटमध्ये ऐंशीच्या घरातल्या बाई दुपारी एकट्या येतात, अर्धा पाइंट बिअर घेऊन खिडकीशी शब्दकोडं सोडवतात, आणि कुणी वळून पाहत नाही. माझ्याच वयाच्या बायकांना हे दिसावं असं मला फार वाटतं.

वाढप्याची वाट पाहत बसू नका, एवढं मात्र लक्षात ठेवा. बहुतेक पबमध्ये आपणच बारपाशी जायचं, टेबलाचा नंबर सांगायचा, पेय तिथून घेऊन यायचं. जेवण टेबलावर येतं. दुसरी आणि जास्त महत्त्वाची गोष्ट वेळेची. आपल्याला दुपारी साडेतीनला आणि रात्री दहाला जेवायची सवय. तिथे मुदपाकखाना दुपारी अडीचच्या सुमारास बंद होतो, रात्री नऊला. बिअर मिळत राहील, जेवण नाही. पुष्कळ ठिकाणी सोमवारी, कुठे कुठे मंगळवारीही, चूल पेटतच नाही. रविवारी दुपारच्या रोस्टसाठी तर आधी टेबल राखून ठेवावंच लागतं. पण एकदा बसलात की टेबल तुमचं. मुंबईत खुर्चीच्या पाठीला हात लावून पुढचं गिऱ्हाईक उभं असतं, शेवटचा घास त्याच्या नजरेखाली गिळावा लागतो. तिथे जेवण संपल्यावर तासभर बसून राहिलो तरी कुणी बिल पुढे सरकवलं नाही. मला तो पाहुणचार वाटला.

हॉप्सबद्दल थोडं सांगते, कारण लेकीने सांगितल्यावर मला गिरणगाव आठवलं. हॉप्सची तोडणी सप्टेंबरात, आणि त्यासाठी पूर्व लंडनच्या गरीब वस्त्यांतून हजारो कुटुंबं केंटला यायची. मुख्यतः बायका आणि पोरं. शेताच्या कडेच्या खोपट्यांत राहायची, पुरुष शनिवार-रविवारी भेटायला यायचे. त्यांच्यासाठी हीच वर्षाची सुट्टी, हीच मोकळी हवा आणि हीच चार पैशांची कमाई. १९५० नंतर तोडणीची यंत्रं आली आणि हळूहळू हे सगळं थांबलं. ज्यांच्या हातांनी पीक निघायचं त्यांच्याकडून काही पब ग्लासासाठी अनामत रक्कम घ्यायचे, बाकीच्या गिऱ्हाइकांकडून नाही. त्या वेली आज शोभेला टांगलेल्या दिसतात तेव्हा त्या बायकांची आठवण कुठेतरी लिहिलेली असावी असं मला वाटतं.

आता शाकाहाराचं. आमचे हे पक्के देशस्थ, अंडंसुद्धा खात नाहीत. मी मालवणी, माशाशिवाय माझं ताट पुरं होत नाही. त्यामुळे केंटच्या पबची परीक्षा आमच्या घरात दोन्ही बाजूंनी झाली. सांगायला आनंद वाटतो की यांचं कुठे अडलं नाही, पण विचारावं बरंच लागलं. मेन्यूवर 'व्ही' लिहिलेलं असतं, ते पाहून निम्मं काम होतं. उरलेलं काम तोंडाने. बटाट्याच्या चिप्स कशात तळल्या? काही जुन्या ठिकाणी गाईच्या चरबीत तळतात. रोस्टबरोबरचे बटाटे कशात भाजले? ग्रेव्ही मांसाच्या रसाची की भाज्यांची? पायचं पीठ लोण्यात मळलं की चरबीत? चीज जमवायला प्राण्याचं विरजण वापरलं का? तिथे कायद्याने १४ ॲलर्जीकारक पदार्थांची माहिती द्यावी लागते, म्हणून बहुतेक पबमध्ये एक जाड फाइल असते. पण लक्षात घ्या, त्या यादीत दूध, अंडं, मासा, शेंगदाणा असतात. गाईची चरबी नसते. फाइल पाहून निश्चिंत होऊ नका, स्वयंपाक्याला विचारायला लावा. बारवरच्या पोरी आत जाऊन विचारून येतात, कंटाळत नाहीत, आणि नक्की माहीत नसेल तर "खाऊ नका" असं सरळ सांगतात. हा सरळपणा मला फार आवडला.

बिअरचीही गंमत आहे. हातपंपाने ओढून देतात ती पिंपातली एल जातीची बिअर नितळ करायला पिढ्यान्‌पिढ्या माशाच्या पोटातली हवेची पिशवी वापरत आले आहेत. आपल्या घोळ माशाची तीच पिशवी, कोळी ज्याला बोत म्हणतात, आणि जिच्यासाठी व्यापारी सोन्यासारखा भाव देतात! आता पुष्कळ कारखाने ती टाळतात, पण शाकाहारी बिअर हवी असेल तर विचारायला हवं. आमचे हे दारूला शिवत नाहीत, त्यांनी गावातल्याच बागेचं सफरचंदाचं रस प्यायलं. ढगाळ रंगाचं, गाळून पारदर्शक न केलेलं, कॉक्स जातीचं. पहिला घोट घेतला आणि गप्पच झाले. नंतर प्रत्येक पबमध्ये पहिला प्रश्न तोच: रस कुठल्या जातीचा?

रविवारच्या रोस्टमध्ये यांना सुकामेव्याचा भाजलेला वडीसारखा काप आला. नट रोस्ट. अक्रोड, चेस्टनट, मशरूम, वर कुरकुरीत, आत मऊ. भाज्यांच्या ग्रेव्हीबरोबर त्यांनी तो मागून मागून खाल्ला. मी कोकराचं घेतलं. आपण मटण म्हणतो ते बोकडाचं. कोकराची चरबी निराळी, तोंडात विरघळणारी, आणि त्याबरोबर पुदिना बारीक चिरून साखर-व्हिनेगरात भिजवलेली आंबटगोड चटणी. यॉर्कशायर पुडिंग नावावरून गोड वाटेल, पण ते गोड नाही, पोकळ फुगलेलं खारं पीठ आहे, ग्रेव्ही भरून खायचं. वीस पौंडांच्या आसपास ताट पडतं, म्हणजे दोन हजार रुपयांच्या वर. स्वस्त नाही. पण दुपारी ते एक ताट खाल्लं की रात्री वरण-भातसुद्धा नको होतो.

गोडात जिप्सी टार्ट शोधा. केंटचाच पदार्थ आहे, तिथल्या शाळांच्या जेवणात पूर्वी हमखास असायचा. आटवलेलं डब्याचं दूध आणि काळसर मस्कोवाडो साखर खूप वेळ फेटायची, फेस झाला की पिठाच्या वाटीत ओतून भाजायचं, बस्स. त्या साखरेला गुळाचा वास असतो. ज्याने लहानपणी डब्यातलं दूध बोटाने चाटलं आहे त्याला हा गोड पदार्थ परका वाटणार नाही.

आता सीसॉल्टरला येते. व्हिटस्टेबलच्या पश्चिमेला, समुद्राच्या बांधाला लागून 'द स्पोर्ट्समन' नावाचा पब आहे. बाहेरून पाहाल तर आत जावंसं वाटणार नाही. आजूबाजूला सपाट पाणथळ जमीन, मेंढ्या, बांधापलीकडे ओहोटीला उघडा पडलेला चिखल, अगदी ठाण्याच्या खाडीसारखा. १९९९ मध्ये स्टीफन हॅरिस यांनी हा पब चालवायला घेतला. कुठल्या नामांकित स्वयंपाकघरात न घडलेला, स्वतःच शिकलेला माणूस. २००८ मध्ये या पबला मिशेलिनचा, म्हणजे उत्तम हॉटेलं निवडणाऱ्या मार्गदर्शिकेचा, मानाचा तारा मिळाला. टेबलं मात्र आजही साध्या लाकडाची, चादर नाही की बो लावलेले वाढपी नाहीत.

मला त्या जागेचा इतिहास जास्त भावला. १०८६ सालच्या इंग्लंडच्या जमीन-नोंदीत सीसॉल्टर हे कँटरबरीच्या धर्मपीठाच्या मुदपाकखान्याच्या नावे लावलेलं आहे. म्हणजे हजार वर्षांपूर्वीही या गावाचं काम एकच, कँटरबरीच्या स्वयंपाकघराला पुरवठा करणं. मासे, मीठ, मांस. हॅरिस यांनी हेच सूत्र पकडलं. समोरच्या समुद्राचं पाणी आणून, आटवून मीठ इथेच करतात. लोणीसुद्धा इथेच घुसळतात. मेंढ्या शेजारच्या कुरणातल्या.

आमच्या ह्यांनी नातवाला सांभाळलं आणि मी लेकीबरोबर गेले, दोघीच. टेबल तिने फार आधी राखून ठेवलं होतं, त्याशिवाय तिथे मिळत नाही. त्यांचा गाजलेला पदार्थ म्हणजे छोटा सोल मासा, समुद्री शेवाळ घातलेल्या लोण्यात भाजलेला. ताटलीत तो अख्खा आला. वीतभर लांब, पानासारखा चपटा, वर हिरवे ठिपके असलेलं लोणी अजून वितळत होतं. मी पाहताक्षणी म्हटलं, "अगं, हा तर आपला लेपा!" लेक म्हणाली, "आई, हळू. आणि रवा लावून तळलेला नाहीये, तेवढं मनाशी धर." सुरीचं टोक मधल्या रेषेवर ठेवून किंचित दाबलं, तर मांस दोन्ही बाजूंना आपोआप सरकलं. खालचा काटा एका टोकाला धरून उचलला तर शेपटीपर्यंत अख्खा वर आला, एक कणही चिकटला नाही. मासा किती नेमक्या वेळी आचेवरून काढला, ते त्या काट्याने सांगितलं. क्षणभर जास्त झाला असता तर मांस कोरडं, कमी झाला असता तर काट्याला धरून बसलं असतं. तिखट नाही, हळद नाही, आमसूल नाही. नुसता मासा, लोणी, शेवाळाचा खारा वास आणि ते मीठ. मी मालवणी बाई सांगते, काही कमी वाटलं नाही. ताटलीत उरलेलं लोणी आम्ही दोघींनी पावाने पुसून घेतलं.

मिठाचा विचार मात्र तिथून मुलुंडपर्यंत माझ्याबरोबर आला. लग्न होऊन मी मुलुंडला आले तेव्हा पूर्वेकडे मिठागरं होती. मुलुंड, भांडुप, कांजूर, विक्रोळी. महामार्गावरून जाताना पांढरे ढीग दिसायचे, उन्हात डोळे दिपायचे. पिढ्यान्‌पिढ्या त्यात राबलेली आगरी माणसं आमच्या आसपास राहायची. आता त्या जमिनींची चर्चा होते ती घरबांधणीच्या निमित्ताने. इतकी वर्षं या शहराने स्वतःचं मीठ पिकवलं आणि शहरातल्या एकाही हॉटेलाने कधी मेन्यूवर लिहिलं नाही की आमच्या आमटीत भांडुपचं मीठ आहे. लिहिलं असतं तर निदान काय जातंय हे लोकांना कळलं असतं. खाडीचं पाणी आज मीठ करून खाण्यासारखं राहिलेलं नाही, हे त्याहून मोठं दुःख.

व्हिटस्टेबलला कालवं खायची. तिथल्या बंदरावर उभ्याने खाता येतात, नाहीतर हाय स्ट्रीटवर गुलाबी रंगाचं, १८५६ पासूनचं व्हीलर्स ऑयस्टर बार आहे. दोन जाती असतात. रॉक ऑयस्टर वर्षभर मिळतं. चपटं, मूळचं देशी ऑयस्टर फक्त सप्टेंबर ते एप्रिल, कारण उन्हाळा त्यांच्या विणीचा. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै यांत्रिकी बोटी बंद असतात ते याच कारणाने, आणि खवय्याने दोन्हीकडे तो नियम मनापासून पाळावा. आपण कोकणात कालवं शिजवून सांबार करतो. तिथे जिवंत उघडतात, वर लिंबू किंवा बारीक कांदा घातलेलं व्हिनेगर, आणि थेट शिंपल्यातून तोंडात. समुद्राचं पाणीच पहिलं लागतं, मग गोडवा येतो. रोमन लोकांनी केंटच्या किनाऱ्यावरची कालवं थेट रोमपर्यंत नेली होती, ते उगाच नाही. मुंबईकरांसाठी आणखी एक: इथून कँटरबरीला आगगाडी १८३० मध्ये सुरू झाली, आपल्या बोरीबंदर-ठाण्याच्या तेवीस वर्षं आधी. त्या जुन्या मार्गाच्या काही भागावर आता चालायची आणि सायकलची वाट आहे. भूक लागेपर्यंत चाला आणि मग जेवा.

सगळेच पब असे नसतात, हेही तितकंच खरं. एका ठिकाणी आम्हाला मेन्यू मिळाला तो प्लास्टिकमध्ये घातलेला, आठ पानांचा. बर्गर, पास्ता, लझान्या, चिकन टिक्का मसाला, सगळं एकाच आचाऱ्याच्या हातचं म्हणे. आलेलं रोस्ट वाळलेलं, ग्रेव्ही पावडरची. तेव्हापासून माझा नियम पक्का: मेन्यू एका पानात मावत नसेल तर नुसता रस प्यायचा आणि पुढच्या गावी जायचं. पबची मालकी पाहायची गरज नाही. फॅव्हरशमच्याच शेफर्ड नीम या कारखान्याचे, जे आपली स्थापना १६९८ ची सांगतात, त्या भागात पुष्कळ पब आहेत. इमारत कारखान्याची, चालवणारा भाडेकरू, बिअर कारखान्याचीच घ्यायची असा तो करार असतो. 'फ्री हाउस' लिहिलं असेल तर मालक हवी ती बिअर ठेवतो. पण स्पोर्ट्समनही शेफर्ड नीमचाच आहे. सगळं शेवटी आत चुलीपाशी उभ्या असलेल्या माणसावर असतं.

खेड्यातले पब बंद पडताहेत, आणि तिथल्या लोकांना त्याचं दुःख आहे. काही गावांनी वर्गणी काढून, शेअर विकून आपला पब स्वतः विकत घेतला आहे. २०११ च्या एका कायद्याने गावकऱ्यांना अशी जागा विक्रीला निघाली तर बोली लावायला मुदत मागता येते. गिरगावातल्या खानावळी एकामागून एक मिटल्या तेव्हा आपण हळहळलो, पण वर्गणी काढायचं कुणाच्या मनात आलं नाही. मला हे बोचतं.

परत आल्यावर दादरच्या आमच्या नेहमीच्या मालवणी हॉटेलात गेले. मालक ओळखीचे, माझ्यापेक्षा लहान. विचारलं, "आजचा बोंबील कुठला?" म्हणाले, "काकू, धक्क्यावरचा." म्हटलं, "धक्क्यावर सगळेच येतात, कुठल्या बोटीचा, वसईचा की उत्तनचा?" ते आत गेले, फोन केला, बाहेर येऊन म्हणाले, "उत्तनचा, काकू. वीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं." मी म्हटलं, "मग लिहा की बाहेर. उत्तनचा बोंबील, अलिबागचा पांढरा कांदा, वसईची राजेळी केळी, घोलवडचा चिकू, बदलापूरची जांभळं. मुंबईच्या भोवती काय कमी पिकतं?" ते म्हणाले, "गिऱ्हाइकाला त्याचं काय पडलंय?" मला पडलं आहे, आणि हे वाचणाऱ्यांतल्या पुष्कळांना पडलेलं असणार. तुम्ही जिथे जेवता तिथे विचारा. चार जणांनी विचारलं की पाचव्या दिवशी फळा येईल.

ज्यांना जायचं आहे त्यांच्यासाठी: लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनवरून वेगवान गाडीने फॅव्हरशम किंवा व्हिटस्टेबल साधारण सव्वा तास. मधल्या खेड्यांतल्या बस रविवारी फार कमी, टॅक्सी आधीच सांगून ठेवा. पायात चिखलाची भीती नसलेले बूट हवेत. फॅव्हरशमच्या खाडीकाठी हॉलोशोरला शिपराइट्स आर्म्स नावाचा जुना लाकडी पब आहे, तिथे चालत जाण्यातच मजा आहे. पाऊस असेल तर छत्रीपेक्षा जॅकेट घ्या, वाऱ्यात छत्री टिकत नाही.

आम्ही पुढच्या वेळी मे-जून सोडून सप्टेंबरात जाणार आहोत. देशी कालवं तेव्हा सुरू होतात, ताजे हिरवे कॉबनट, म्हणजे तिथले हेझलनट, झाडावरून उतरतात, सफरचंदाच्या बागांत तोडणी असते, आणि हॉप्सच्या नव्या वेली पबमध्ये चढतात. गणपती त्या वर्षी लवकर आले तर विसर्जन झालं की लगेच निघायचं, उशिरा आले तर गणपती बसवायला वेळेत परत घरी पोचू अशी तिकिटं काढायची. हे आत्ताच कॅलेंडर घेऊन बसले आहेत.